गोंदण आणि रंग



रेडिओवर बोलणाऱ्याचे तोंड ऐकणाऱ्याला दिसत नाही, ही मोठी सोय आहे. पण आज माझी त्यामुळे थोडी अडचण झाली आहे. कारण ज्या गोष्टीविषयी बोलायचे आहे ती माझ्या तोंडावरच आहे. माझ्या हनुवटीच्या मधोमध एक हिरवट-निळा ठिपका आहे, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. डाव्या हातावर, मनगटापासून चार बोटे वर, तुळशीवृंदावन आहे. उजव्या हातावर पाच ठिपके आहेत. चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक. हे गोंदण माझ्या अंगावर १९५७ साली आले. तेव्हा मी सात वर्षांची होते.

हे आज आठवायला कारण झाली माझी नात. ती नागपूरला कॉलेजात शिकते. सुटीत घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "आजी, मला टॅटू काढायचाय. आई नाही म्हणते. तू सांग ना तिला. तू पण तर लहानपणी काढला होतास!"

मी म्हटले, "अगं, मी नव्हता काढला. माझ्या अंगावर काढला होता."

"तेच झालं ना मग?"

आता हे तेच झाले की वेगळे, याचे उत्तर मला पटकन देता आले नाही. चाळीस वर्षे मुलांना शिकवले, पण नातीच्या एका प्रश्नाने मला पुन्हा विद्यार्थी केले. विचार करताना गोंदणाबरोबर मला नाटकही आठवत राहिले. तुम्ही म्हणाल, गोंदणाचा आणि नाटकाचा काय संबंध? एक जन्मभर जात नाही आणि दुसऱ्याचा रंग सकाळी तेलाच्या बोळ्याने पुसून निघतो. संबंध नेमका तिथेच आहे.

आधी गोंदणाचे सांगते.

आमचे गाव भंडारा जिल्ह्यातले, धानाच्या मुलखातले. धान कापून झाले, खळी उरकली की गावात नाना तऱ्हेची माणसे येत. कल्हईवाला येई, बहुरूपी येई, तशी गोंदणारी बाईही येई. तिच्याजवळ एका फडक्यात बांधलेल्या सुया असत. तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र आवळलेल्या. दिव्याची काजळी एका कवडीएवढ्या वाटीत घेऊन ती पाल्याच्या रसात कालवायची. काही घरांत त्यात आईच्या दुधाचे दोन थेंब घालीत. मग काडीने हातावर आकृती काढायची आणि त्या रेघेवरून टुचटुच सुया टोचत जायचे. रक्त आले की पुसायचे, वरून हळद आणि तेल लावायचे. मजुरी म्हणून सुपात पायलीभर धान.

मला आजीने मांडीत घट्ट धरले होते. मी "नको, नको" म्हणून गाव डोक्यावर घेतले होते, असे शेजारच्या बाया पुढे कित्येक वर्षे हसत हसत सांगत. गोंदणारी बाई गाणे म्हणत होती. गाणे मुलीला गुंगवण्यासाठी असते म्हणतात. मला वाटते, मुलीचे ओरडणे इतरांना ऐकू येऊ नये यासाठीही ते असावे. माझे 'नको' कुणी ऐकले नाही. ऐकायचा तो रिवाजच नव्हता. पाच-सहा दिवस हात सुजला, मग खपली धरली, खपली गेली आणि खाली तुळस उगवली.

तुळस कशासाठी? तर ती सासरी सोबत येते. पाच ठिपके हे पाच पांडव. कुणाच्या हातावर विंचू, कुणाच्या हातावर लक्ष्मीची पावले, कुणाच्या कपाळावर कुंकवाखाली चंद्रकोर. पुरुष मंडळी दंडावर मारुती गोंदवीत, विशेषतः आखाड्यात जाणारी. आणि जत्रेत जाऊन हातावर स्वतःचे नाव. आमच्या शेजारी बालाघाट, मंडला, दिंडोरी या भागांत बैगा समाजाच्या स्त्रियांचे तर कपाळापासून पायांपर्यंत गोंदण असते. त्याचे वय, त्याची जागा, त्याची आकृती सारे ठरलेले. आमच्याकडच्या गोंड आणि माडिया बायांच्या गोंदणालाही असाच अर्थ असतो. जाणत्या माणसाला ते वाचता येते.

या सगळ्यामागे एक समजूत आहे आणि ती मला अजूनही हेलावते. जुन्या बाया म्हणत, मेल्यावर अंगावरचे सोने-नाणे इथेच उतरवून घेतात. देवाच्या दारी बरोबर येते ते फक्त गोंदण. ज्या बाईच्या नावावर शेत नाही, घर नाही, जिचे मंगळसूत्रसुद्धा सावकाराकडे गहाण पडते, तिच्याजवळ एकच दागिना असा की जो कुणी हिसकावू शकत नाही, विकू शकत नाही, गहाण ठेवू शकत नाही. लिहिता न येणाऱ्या बाईची ती सही होती म्हणा ना.

ही सही पुसत का नाही, हे शाळेतल्या मुलांनी मला अनेकदा विचारले. शिक्षक बंधुभगिनींना उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात सांगते. आपली वरची कातडी सारखी झडत असते आणि महिन्याभरात जवळजवळ नवी होते. सुई मात्र त्या कातडीच्या खालच्या थरात रंग नेऊन सोडते. तिथे शरीरातल्या पहारेकरी पेशी धावून येतात आणि तो परका रंग गिळतात. पण त्यांना तो पचत नाही. त्या तशाच पोटात रंग घेऊन बसून राहतात. त्या मेल्या की तो रंग बाहेर पडतो, पण दुसऱ्या पेशी येऊन तोच रंग पुन्हा गिळतात. उंदरांवर प्रयोग करून फ्रान्समधल्या संशोधकांनी हे २०१८ साली दाखवून दिले. म्हणजे माझ्या हातावरची तुळस सत्तर वर्षांच्या जवळपास एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती दिलेली आहे. घरातल्या रिवाजासारखीच!

नातीला वाटत होते की टॅटू ही नवी गोष्ट आणि गोंदण ही जुनी. तसे नाही. आल्प्स पर्वताच्या बर्फात १९९१ साली एका माणसाचे प्रेत सापडले. ते सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचे निघाले. त्याच्या अंगावर गोंदणाच्या एकसष्ट खुणा मोजल्या आहेत. टॅटू हा शब्द कॅप्टन कुक आणि त्याच्या खलाशांनी १७६९ साली पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटावरून उचलला. जत्रेत घर्रघर्र वाजते ते विजेचे यंत्र न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने १८९१ साली आपल्या नावे नोंदवले, आणि त्याची मूळ कल्पना एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून घेतलेली होती. लेखणीचीच सुई झाली, पाहा!

पण लेखणी कुणाच्या हातात आहे, हा खरा प्रश्न. कंपनी सरकारच्या अमलात बंगाल आणि मद्रास इलाख्यांत जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदीत असत. ती चाल १८४९ साली बंद झाली. तेही गोंदणच होते. सुई तीच, काजळी तीच. पण त्या कपाळावर लिहिलेले शब्द त्या माणसाचे नव्हते, सरकारचे होते. आज ज्याला विद्वान मंडळी 'आत्माविष्कार' म्हणतात, म्हणजे आपल्या मनातले आपल्या रीतीने बाहेर आणणे, तो अंगावर खूण असली म्हणजे झालाच असे नाही. खूण कुणी ठरवली, हे आधी विचारायला पाहिजे.

माझी खूण मी ठरवलेली नव्हती, आणि मला तिची लाज वाटू लागली ती शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला गेल्यावर. वसतिगृहात आम्ही वीस-बावीस मुली. शहरातल्या मुलींची हनुवटी कोरी. एकीने पहिल्याच दिवशी विचारले, "तू जंगलातून आलीस का गं?" ती काही वाईट मुलगी नव्हती. पण तो प्रश्न माझ्या जिव्हारी लागला. मी बोलताना हनुवटीवर हात ठेवायची सवय लावून घेतली. आणि एका रात्री, सांगायला आज संकोच वाटत नाही, मी त्या ठिपक्यावर चुना आणि सोडा चोळून तो काढायचा प्रयत्न केला. ठिपका निघाला नाही. कातडी भाजली, व्रण राहिला. आजही बोट फिरवले की तो हाताला लागतो. श्रोतेहो, असला उद्योग कुणी करू नये. आज लेसरच्या किरणांनी गोंदण फिके करता येते. पण त्यालाही अनेक खेपा लागतात, पैसा लागतो आणि डाग राहू शकतो.

लाजेचे कारण ठिपका नव्हता, हे मला फार उशिरा कळले. ठिपक्याविषयी मला कुणी कधी विचारलेच नव्हते. लावताना विचारले नाही, हसतानाही विचारले नाही.

ते पहिल्यांदा विचारले एका नाटकवाल्याने.

आमच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. आजचे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे. इथे नाटक ही चैन नाही, पिकाइतकीच हंगामाची गोष्ट आहे. दिवाळीनंतर भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, आणि रात्री नाटक. ते दहा-अकराला सुरू होते आणि कोंबडा आरवेपर्यंत चालते. पूर्वी दंडार असायची, आजही काही गावांत असते. एकेका गावात एकाच रात्री दोन-तीन नाटके लागतात आणि तरी सगळ्या मांडवांत माणूस मावत नाही. वडसा-देसाईगंजला नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत. तिथे जाऊन गावकरी नाटक ठरवतात. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडे घराघरांत आनंद झाला.

मी शिक्षिका झाले त्या काळी गावातली हौशी मंडळी स्वतःच नाटक बसवीत. बायांची कामे पुरुष करीत. त्यात नवल नव्हते. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले तेव्हापासून मराठी रंगभूमीवर बायकांची कामे पुरुषांनीच केली, आणि बालगंधर्वांनी तर अशी केली की घरंदाज बायका त्यांच्यासारखे नेसू-सवरू लागल्या. पण १९७४ साली आमच्या गावच्या मंडळाने ठरवले की या खेपेला बाईचे काम बाईनेच करायचे. आणि सगळ्यांच्या नजरा शाळेतल्या बाईंकडे वळल्या, म्हणजे माझ्याकडे. गावात कुजबूज झाली. 'मास्तरीण नाचणार' असेही कुणी म्हणाले. वडील गप्प बसले. माय एवढेच म्हणाली, "करशीन त नीट करजो."

नाटक सामाजिक होते. माझी भूमिका शहरातल्या एका वकिलाच्या बायकोची. प्रयोगाच्या रात्री शाळेच्याच एका खोलीत कंदिलाच्या उजेडात आम्हाला रंगवण्याचे काम चालले होते. रंगवणारे दादा बाहेरगावचे, वयस्क, कमी बोलणारे. त्यांच्या पेटीत सफेदा, पिवडी, कुंकू, काजळ असे डबे मांडलेले. ते सांगत, जुन्या काळचे नट हिंगूळ आणि मुर्दाडशिंग चेहऱ्याला चोपडीत. हिंगुळात पारा असतो आणि मुर्दाडशिंगात शिसे. म्हणजे वरून पुसला जाणारा रंगही आत काही सोडून जात असे.

दादांनी माझा चेहरा उजेडाकडे वळवला, हनुवटीकडे पाहिले आणि विचारले, "बाई, हे झाकू की ठेवू?"

श्रोतेहो, हा साधा कामाचा प्रश्न होता. पण मी उत्तर देऊ शकले नाही. चोवीस वर्षांची बाई, रोज साठ पोरांना हुकूम सोडणारी, आणि माझ्याच तोंडाविषयी मला कुणी विचारले तर घशातून शब्द निघेना. दादा थांबले. घाई असूनही थांबले. मग मी म्हटले, "झाका. वकिलाच्या बायकोला नसतं."

त्यांनी दोन बोटांनी रंग लावला आणि ठिपका नाहीसा झाला. आरशात पाहिले तर एक अनोळखी बाई माझ्याकडे पाहत होती.

त्या नाटकात तिसऱ्या अंकात एक जागा होती. नवरा घरातल्या विधवा नणंदेला बाहेर काढायला निघतो, आणि बायको दारात उभी राहून म्हणते, "नाही." एवढाच शब्द. तालमीत तो मी शंभर वेळा म्हटला होता. पण त्या रात्री समोर हजारभर माणूस बसले होते. पेट्रोमॅक्सच्या उजेडात पुढच्या दोन-चार ओळींतले चेहरे दिसत, पलीकडे नुसता अंधार, आणि त्या अंधाराचा श्वास ऐकू येत होता. मी दारात उभी राहिले आणि म्हटले, "नाही." कुठे खोकल्याचा आवाजही झाला नाही. सात वर्षांची असताना ओरडून ओरडून म्हटलेले 'नको' मांडीएवढ्या अंतरावर ऐकू गेले नव्हते. हे हळू आवाजातले 'नाही' हजार माणसांनी ऐकले.

सिनेमा मलाही आवडतो. पण पडद्यावरच्या नटाला तुम्ही ऐकता की नाही हे कळत नाही. नाटकात ते कळते. तुमच्या शांततेवर नट पुढचे वाक्य बोलतो. तुम्ही हसलात की तो थांबतो. तो चुकला तर तुमच्यासमोर चुकतो आणि तुमच्यासमोरच सावरतो. दुसऱ्या दिवशी तेच नाटक पुन्हा केले तरी ते तेच नसते. त्या रात्रीपुरते नट आणि प्रेक्षक यांचे मिळून एक काहीतरी होते, आणि सकाळी ते संपते. राहते ते दोघांच्या आत.

पहाटे नाटक सुटले. मी खोबरेल तेलाचा बोळा घेऊन रंग काढत बसले होते. माय दारात आली. ती पुढच्या ओळीतच बसली होती. म्हणाली, "मले त तू दिसलीच नाही वो. हनवटीचं गोंदन कुठं गेलं तुयं?"

मी हसले. पण ती हसत नव्हती. ती रात्रभर त्या ठिपक्याला शोधत होती. मी तोंड पुसत गेले, तसा तेलाखालून ठिपका हळूहळू वर आला. माय जवळ वाकली, म्हणाली, "हे पाय, आली माही पोर." आणि मग तिने मला कधी न सांगितलेले सांगितले. मला गोंदत होते तेव्हा ती घराच्या मागे, विहिरीपाशी जाऊन कानावर हात ठेवून बसली होती. तिला ते पाहवले नव्हते. पण सासूपुढे बोलायची सोय नव्हती. आणि जत्रेत, गर्दीत पोर हरवली तर या ठिपक्यावरून सापडेल, असे स्वतःला समजावत ती बसली होती. म्हणजे त्या दिवशी माझ्यासारखेच तिच्याही तोंडचे 'नको' कुणी ऐकले नव्हते.

दुसऱ्या वर्षी मला शेतकऱ्याच्या बायकोचे काम होते. दादांनी पुन्हा विचारले, "झाकू की ठेवू?" मी म्हटले, "ठेवा." त्या दिवसापासून हनुवटीवर हात ठेवायची सवय सुटली. लक्षात घ्या, गोंदण तेच होते. ते आपले झाले ते 'ठेवा' म्हटल्यावर. आणि 'ठेवा' म्हणता आले, कारण आधी एकदा 'झाका' म्हणायची मोकळीक मिळाली होती.

आता शिक्षक बंधुभगिनींशी दोन शब्द बोलते. त्यात माझी एक चूक सांगायची आहे.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. अंगाने लहान, रंगाने काळा, आवाज मात्र खणखणीत. दरवर्षी संमेलनात आम्ही ऐतिहासिक नाटिका बसवीत असू. राजा व्हायचा पाटलाचा उंच, गोरा मुलगा. आणि हा? हा भालदार. हातात काठी घेऊन दाराशी उभा. एक वर्ष नाही, सलग तीन वर्षे. चौथ्या वर्षी तो माझ्यापाशी येऊन म्हणाला, "बाई, अवंदा मले बोलाचं काही द्या ना." मी म्हटले, "पुढच्या वर्षी नक्की." कारण पाठांतर झालेली मुले ठरलेली होती आणि मला वेळ नव्हता. पुढच्या वर्षी तो शाळेत नव्हता. सातवी झाली आणि घरच्यांनी त्याला कामाला लावले. ते वाक्य माझ्याकडे राहून गेले आहे.

मी स्वतः गोंदणाविषयी इतकी हळवी, आणि त्या मुलाच्या कपाळावर मीच 'भालदार' असे गोंदले. सुई लागली नाही, रक्त आले नाही, म्हणून ते कुणाला दिसले नाही एवढेच. 'हा ढ', 'ही लाजाळू', 'हा दंगेखोर', ही सारी आम्हा शिक्षकांची गोंदणे आहेत. आणि पहारेकरी पेशी ती एकमेकींना देतात, तशी एका इयत्तेचा शिक्षक पुढच्या इयत्तेच्या शिक्षकाला ती देत जातो.

म्हणून माझी विनंती अशी. संमेलनाची वाट पाहू नका. आठवड्यातून एकदा अर्धा तास काढा. पडदा नको, पोशाख नको. दोन बाक सरकवले की रंगमंच झाला. बाजारातले भांडण घ्या, ग्रामसभा घ्या, पुस्तकातला धडा घ्या. भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटा, म्हणजे सरपंचाची भूमिका कुणालाही येईल. पुढच्या आठवड्यात भूमिका बदला. जी मुलगी वर्गात बोलत नाही, तिला आधी दुसऱ्याच्या नावाने बोलू द्या. पुष्कळ मुलांना स्वतःच्या नावाने बोलायला भीती वाटते. पोलीस, म्हातारी, वाघ झाले की तीच मुले घडाघडा बोलतात. आणि रंगवायची वेळ आली तर दादांसारखे विचारा, "झाकू की ठेवू?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आपण विचारतो खूप; थांबत नाही.

तरुण मुलामुलींनाही चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते, कारण पुष्कळ घरांत या विषयावर नुसता वाद होतो, माहिती कुणी देत नाही. जत्रेत एकच सुई दहा जणांना टोचतात; त्यातून काविळीचे काही प्रकार आणि एचआयव्हीसारखे रोग पसरू शकतात. गोंदवायचेच तर सुई नवी, तुमच्यासमोर पाकिटातून काढलेली पाहिजे, आणि रंगही तुमच्यापुरता वेगळा काढलेला पाहिजे. गोंदवल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही. सैन्यात जायचे मनात असेल तर विशेष जपा: कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू एवढ्याच जागी कायमचे गोंदण चालते. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत असते. तरीही भरतीची ताजी जाहिरात स्वतः वाचा. मानेवरच्या एका फुलापायी चार वर्षांची धावपळ वाया जाऊ नये. आणि कुणाचे नाव गोंदवणार असाल तर ते माणूस आणि तुम्ही, दोघेही बदलणार आहात, हे ध्यानात ठेवा.

आता नातीचे काय झाले ते सांगते.

मी तिला नाही म्हटले नाही, हो म्हटले नाही. विचारले, "काय काढणार आहेस?" तिने माझा डावा हात ओढला आणि तुळशीवर बोट ठेवले. "हीच. अशीच्या अशी."

खरे सांगते, डोळ्यांत पाणी आले. पण मी म्हटले, "बरं. मग आधी एक कर. रोज आंघोळ झाली की पेनने ही तुळस हातावर काढ. दोन महिने. कॉलेजात जा, मैत्रिणींना दाखव, सासुरवाडीच्या माणसांसारखी नावं ठेवणाऱ्यांनाही दाखव. नाटकाचा रंग समज. रात्री पुसला तरी चालतो. दोन महिन्यांनी मला सांग, झाकायची की ठेवायची."

ती नागपूरला गेली. पहिले पंधरा दिवस रोज तुळशीचा फोटो पाठवीत होती. मग एक दिवस तुळशीला दोन पाने जास्त आली. एक दिवस वृंदावन गेले आणि नुसते झाड राहिले. परवा आलेल्या फोटोत हातावर काहीच नव्हते, खाली लिहिले होते, "आजी, आज कोरा ठेवून पाहिला." दोन महिने व्हायला अजून अठरा दिवस आहेत. ती काय ठरवील ते मला माहीत नाही, आणि ते मी ठरवणार नाही. तिच्या आईलाही मी तेवढेच सांगितले आहे.

माझी माय आज नाही. तिला नेले तेव्हा अंगावरचे डोरले आणि पाटल्या काढून घेतल्या, रिवाजाप्रमाणे. हातावरचे गोंदण तेवढे बरोबर गेले. आमच्या गावात येत्या मंडईला नाटक आहे. या खेपेला शाळेतली मुले एक छोटा प्रवेश करणार आहेत, आणि भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटल्या आहेत. तुमच्या गावातही असेच काही असेल. जा, पुढच्या ओळीत बसा, आणि जो मुलगा काठी घेऊन दाराशी उभा असेल त्याच्याकडेही एकदा नीट पाहा.